फेसबुकवरचा शेतीगट लेमीवर न्यावा का?

यवतमाळ, वर्धा, अकोला, अमरावतीच्या पट्ट्यात कापूस, सोयाबीन, तूर आणि संत्र्यावर बोलणारे फेसबुक गट पुष्कळ आहेत, आणि त्यांत जाणती माणसेही आहेत. दुखणे वेगळे आहे. ऑगस्टमध्ये कुणी डोमकळीचा (बोंडअळी लागून न उमललेल्या कापसाच्या फुलाचा) फोटो टाकतो, त्यावर अनुभवी कास्तकार मन लावून उत्तरे देतात. पुढच्या हंगामात तोच प्रश्न आला की ती चर्चा कुणालाच सापडत नाही. मधल्या काळात सणांच्या शुभेच्छा, ट्रॅक्टरच्या जाहिराती आणि भलत्याच राज्यातले व्हिडिओ येऊन गेलेले असतात. कोणती पोस्ट कोणाला दिसावी हे गट चालवणाऱ्याच्या हातात नसते, ते कंपनीचे गणित ठरवते. आणि ज्याचे खातेच नाही अशा कृषी सहायकाला दुवा पाठवला, तर त्याच्यासमोर आधी लॉगिनची पाटी येते.

लेमी हे विषयवार चर्चेचे खुले ऑनलाइन ठिकाण या अडचणींवर चांगले उतरते. दुसऱ्या काही बाबतींत ते फेसबुकच्या जवळपासही नाही. म्हणून निकाल आधी सांगून टाकतो. गावच्या गटाला हंगामागून हंगाम टिकणारी, शोधता येणारी, कुणालाही उघडता येणारी चर्चा हवी असेल आणि तीन माणसे नियमित लक्ष द्यायला तयार असतील, तर लेमीवर जावे. गप्पा, व्हॉइस मेसेज, लग्नपत्रिका आणि बाजारभावाची घाईची विचारपूस हवी असेल तर व्हॉट्सॲपच बरे. दोन्ही कामे एकाच ठिकाणी करायला गेलात तर दोन्ही बिघडतात.

लेमी हे २०१९ मध्ये सुरू झालेले, मुक्त परवान्याचे सॉफ्टवेअर आहे. त्याची बांधणी रेडिटसारखी आहे: विषयवार समुदाय, समुदायात पोस्टी, पोस्टीखाली एकाखाली एक लागणारी उत्तरे. जून २०२३ मध्ये रेडिटने बाहेरच्या ॲपवाल्यांकडून एपीआयसाठी, म्हणजे ॲपला तिथली माहिती थेट घेता येण्याच्या सोयीसाठी, जबर पैसे मागितले, तेव्हा तिथून बाहेर पडलेल्या लोकांमुळे लेमीला बळ आले. याचा एक मालक नाही. स्वयंसेवक किंवा छोट्या संस्था आपापले सर्व्हर चालवतात आणि ते ॲक्टिव्हिटीपब नावाच्या सामायिक नियमावलीने एकमेकांशी जोडलेले असतात. वरुडच्या बागायतदाराचे खाते एका सर्व्हरवर आणि आर्णीच्या कास्तकाराचे दुसऱ्यावर असले, तरी दोघे एकाच समुदायात लिहितात. मॅस्टोडॉन याच कुळातले, पण तिथे माणसाच्या मागे जायचे असते आणि पोस्टीची मर्यादा साधारण ५०० अक्षरांची. प्रश्न-उत्तराच्या शेतीगटाला लेमीची बांधणी जास्त मानवते.

जुनी चर्चा सोबत नेता येते का?

अख्खा गट उचलून नेता येत नाही, हे आधीच मान्य करून चला. फेसबुकने गटांसाठीचा एपीआय एप्रिल २०२४ मध्ये बंद केला. त्यामुळे गटातल्या सगळ्या पोस्टी एका झटक्यात उतरवून देणारे सरळ साधन राहिले नाही. जो कुणी ‘सगळा गट काढून देतो, पासवर्ड द्या’ म्हणेल त्याला पासवर्ड देऊ नका.

प्रत्येक सदस्याला स्वतःची माहिती मात्र उतरवता येते. खात्याच्या सेटिंगमध्ये माहिती डाउनलोड करण्याची सोय आहे आणि त्यात त्याने गटांत लिहिलेलेही येते. तिथे एक गोष्ट नेमकी चुकते. फाइल एचटीएमएल हवी की जेसन, असा पर्याय येतो. जेसन घेतली तर देवनागरी मजकुराच्या जागी अर्थहीन चिन्हांची रांग दिसते, कारण फेसबुक त्या फाइलमध्ये यूटीएफ-८ (अक्षरे साठवण्याची पद्धत) चे एकेक बाइट सुटे अक्षर समजून लिहिते. ती फाइल दुरुस्त करता येते, पण त्याला पायथन या संगणकभाषेच्या चार ओळी लिहिणारा माणूस लागतो. एचटीएमएल घेतली की मराठी नीट वाचता येते. म्हणून एचटीएमएलच निवडा. फोटो नको असतील तर दर्जा ‘कमी’ ठेवा आणि तारखेची मर्यादा घाला, नाहीतर फाइल गावातल्या नेटवर उतरता उतरत नाही.

मग हाताने निवड करावी लागते. सगळ्या पोस्टी आणण्यात अर्थ नाही. ज्यांची पुन्हा पुन्हा विचारणा होते अशा चाळीस-पन्नास चर्चा काढा: गुलाबी बोंडअळी, सोयाबीनचा पिवळा मोझॅक, तुरीची मर, संत्र्याच्या आंबिया बहाराची फळगळ, ठिबकमध्ये साचणारा क्षार, रानडुकरांसाठी कुंपण, पीकविम्याची नुकसानीची सूचना. मूळ लिहिणाऱ्याची परवानगी घ्या आणि शीर्षकात मूळ साल टाका. साल महत्त्वाचे आहे. २०१८ मध्ये चाललेले औषध आज त्या पिकावर मान्य असेलच असे नाही, आणि वाचणाऱ्याला ते कळले पाहिजे.

खाते काढताना

आधी अस्तित्वात असलेल्या एखाद्या चालत्या सर्व्हरवर खाते काढा. निवडताना तीन गोष्टी बघा: सर्व्हर किती वर्षे चालू आहे, त्याचे खर्च आणि देणग्या उघडपणे मांडलेल्या आहेत का, आणि एकापेक्षा जास्त व्यवस्थापक आहेत का. एकट्या माणसाच्या भरवशावरचा सर्व्हर कितीही चांगला असला तरी गटाचे घर म्हणून घेऊ नये.

पुष्कळ सर्व्हरांवर खाते काढताना ‘तुम्हाला इथे का यायचे आहे’ असा प्रश्न असतो आणि उत्तर वाचून माणूस मंजुरी देतो. स्पॅम रोखायला ते असते. दोन सरळ वाक्ये लिहा: विदर्भातला शेतकरी गट आहे, मराठीत पिकांवर चर्चा करायची आहे. ‘ओके’ किंवा ‘जॉइन’ एवढेच लिहिले की अर्ज नाकारला जातो. ग्रामपंचायतीच्या एकाच वायफायवरून वीस-पंचवीस जणांची खाती एका बैठकीत काढू नका, ते स्पॅमसारखे दिसते. व्यवस्थापकाला आधी निरोप टाकून कल्पना द्या आणि मग थोडी थोडी माणसे आणा.

गावात खरी अडचण ईमेलची येते. मोबाइल नंबर आणि ओटीपीवर लेमीत प्रवेश नाही. वापरकर्ता-नाव आणि पासवर्ड लागतो, आणि पासवर्ड विसरला तर सुटका फक्त ईमेलने होते. अनेकांचा जीमेल मोबाइल घेताना दुकानदाराने काढून दिलेला असतो आणि त्याचा पासवर्ड मालकाला माहीत नसतो. फोन बदलला की खाते गेले. म्हणून लेमीचे खाते काढण्याआधी प्रत्येकाचा जीमेल उघडतो का, पासवर्ड ठाऊक आहे का, हे तपासा आणि दोन्ही पासवर्ड घरातल्या वहीत लिहून ठेवा. या कामाला वेळ लागतो. तो टाळला की पहिल्याच हंगामात निम्मी माणसे गळतात.

ॲपपैकी जर्बोआ हे अँड्रॉइडसाठी लेमीच्याच मूळ लेखकांपैकी एकाचे आहे. साधे आहे आणि जुन्या फोनवरही चालते. त्यात पोस्टी यादीच्या रूपात दाखवण्याचा पर्याय आहे. मोठे फोटो आपोआप उघडत नाहीत म्हणून डेटा वाचतो. व्हॉयेजर दिसायला जास्त नीटनेटके आहे आणि ब्राउझरमधूनही चालते, फोनमध्ये जागा कमी असेल तर ते घ्या. मेनूतले शब्द इंग्रजीच राहणार असे धरून चला. गटात एकाने पडद्याचे फोटो काढून त्यावर मराठीत बाण-खुणा करून दिल्या की काम भागते.

‘मला काहीच दिसत नाही’

नव्या माणसाची ही पहिली तक्रार असते, आणि दर वेळी कारण जवळजवळ तेच निघते. लेमीत प्रत्येक खात्याला भाषांची यादी असते. ज्या भाषा निवडल्या असतील त्याच भाषांतल्या पोस्टी दिसतात. माणूस उत्साहाने फक्त ‘मराठी’ निवडतो आणि पडदा रिकामा होतो. कारण लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक जण पोस्टीला भाषेचा शिक्का लावत नाहीत, आणि अशी पोस्ट ‘अनडिटरमाइन्ड’ म्हणजे ‘भाषा ठरलेली नाही’ या खात्यात जमा होते. मराठी मजकूर असला तरी तिला मराठी समजले जात नाही.

म्हणून सेटिंगमध्ये अनडिटरमाइन्ड, मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा चारही निवडा. अनडिटरमाइन्ड कधीही काढू नका. संगणकाच्या ब्राउझरमध्ये एकापेक्षा जास्त भाषा निवडताना कंट्रोल कळ दाबून ठेवावी लागते. नुसते क्लिक केले की आधीची निवड पुसली जाते. समुदायाच्या सेटिंगमध्येही भाषांची वेगळी यादी असते, तिथेही या चार ठेवा. नाहीतर ‘या भाषेत इथे लिहिता येत नाही’ असा अडथळा येतो आणि लिहिणाऱ्याला कारण कळत नाही.

दुसरे कारण पोस्टींचा क्रम. ‘ऑल’ उघडले की जगभरच्या इंग्रजी पोस्टी येतात: लिनक्स, अमेरिकेचे राजकारण, विनोदी चित्रे. आपल्या कास्तकाराला त्यातले काही नको असते आणि तो ॲप काढून टाकतो. सुरुवातीचा पडदा ‘सबस्क्राइब्ड’ आणि क्रम ‘न्यू’ असा ठरवून द्या. ‘ॲक्टिव्ह’ हा क्रम मोठ्या समुदायांसाठी ठीक आहे. त्यात नव्या उत्तराने पोस्ट वर येते, पण पोस्ट जेमतेम दोन दिवसांची होईपर्यंतच. आपल्याकडे गेल्या वर्षीच्या बोंडअळीच्या चर्चेत यंदा कुणी नवी माहिती घातली तर ती वर यायला हवी. त्यासाठी ‘न्यू कमेंट्स’ हा क्रम आहे: पोस्ट कितीही जुनी असो, ताजे उत्तर आले की वर. शेतीच्या गटाला लेमीतली ही सर्वांत उपयोगी सोय आहे, आणि ती पहिल्याच दिवशी दाखवून द्यावी.

समुदाय, नाव आणि शोध

समुदायाचे आतले नाव रोमन लहान अक्षरे, अंक आणि अधोरेखा एवढ्यातच बसवावे लागते. देवनागरी चालत नाही. ते नंतर बदलताही येत नाही, म्हणून छोटे आणि उच्चारायला सोपे निवडा. दिसणारे शीर्षक मात्र देवनागरीत ठेवता येते आणि बदलता येते. काही सर्व्हरांवर नवा समुदाय फक्त व्यवस्थापकच उघडतात, तसे असेल तर विनंती करा. पिकागणिक वेगळे समुदाय काढण्याचा मोह आवरा. पन्नास माणसांचे पाच समुदाय केले की पाचही ओस पडतात. एकच काढा आणि शीर्षकाच्या शिस्तीने विषय वेगळे ओळखू येऊ द्या.

समुदाय ज्या सर्व्हरवर आहे तिथून दुसऱ्या सर्व्हरवर पोचायला एक पायरी लागते. दुसऱ्या सर्व्हरवरच्या पहिल्या माणसाने समुदायाचा पूर्ण पत्ता शोधात टाकायचा, तेव्हा तो सर्व्हर त्याला ओळखू लागतो. सुरुवातीला मोजक्याच ताज्या पोस्टी दिसतात, जुनी उत्तरे येत नाहीत. सबस्क्राइब केल्यावर पुढचे सगळे येत राहते. ‘पेंडिंग’ असेच अडकून राहिले तर सबस्क्राइब रद्द करून पुन्हा करा. मागचे वाचायचे असेल तर ब्राउझरमध्ये मूळ सर्व्हरचाच दुवा उघडावा. त्याला खाते लागत नाही. हीच गोष्ट कृषी सहायक, बचत गट, कृषी महाविद्यालयातली मुले यांच्या कामाची आहे: दुवा मिळाला की सरळ वाचता येते.

शोध हा लेमीचा बरा भाग आहे, पण तो मराठी जाणत नाही. लिहिलेली अक्षरे जशीच्या तशी जुळली तरच सापडते. ‘बोंडअळी’ शोधले तर ‘बोंडअळ्या’ सापडत नाही. लेमीच्या ०.१९ या आवृत्तीत शोधातल्या मोकळ्या जागेचा अर्थ ‘मध्ये काहीही चालेल’ असा घेतला जातो. म्हणून ‘बोंड अळ’ असे तोडून, शेवटचा काना-मात्रा सोडून शोधा. मग जोडून लिहिलेले, तोडून लिहिलेले आणि अनेकवचनातले, सगळे हाती लागते.

आपल्या भागासाठी याहून मोठी मेख ‘पऱ्हाटी’ (कापूस) या शब्दात आहे. यातला अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. आजचे बहुतेक मोबाइल कळफलक नुक्त्याचा र वापरतात. जुने कळफलक आणि जुन्या फॉन्टातून रूपांतरित केलेला मजकूर साधा र आणि न दिसणारे एक जोडचिन्ह वापरतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोधाला दोन वेगळे शब्द वाटतात. ‘शेतकऱ्यांना’, ‘वऱ्हाड’, ‘कोऱ्हाळी’ सगळ्यांचे तेच. उपाय सोपा आहे: ते अक्षर टाळून ‘हाटी’ किंवा ‘शेतक’ एवढेच शोधा. आणि एकाच पिकाला कापूस, कपाशी, पऱ्हाटी अशी तीन नावे असल्यामुळे शीर्षकात निदान दोन लिहिण्याचा नियम करा.

शीर्षकाला २०० अक्षरांची मर्यादा आहे, काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, तरी चार गोष्टी आरामात बसतात: पीक, पेरणीपासूनचे दिवस, तालुका, लक्षण. ‘कापूस/पऱ्हाटी, ६० दिवस, राळेगाव: डोमकळ्या दिसतात’ हे चांगले शीर्षक. ‘अर्जंट मदत करा’ हे नियामकाने (समुदायावर देखरेख ठेवणाऱ्याने) लगेच बदलायला सांगावे. लेमीत लिहिणाऱ्याला स्वतःचे शीर्षक नंतर दुरुस्त करता येते.

फोटो

एका पोस्टीला मुख्य फोटो एकच. बाकीचे मजकुरात एकेक करून घालता येतात, तिथे चित्राचे बटण आहे. रोग ओळखायला तीन फोटो पुरतात: पूर्ण झाड, पानाची खालची बाजू जवळून, आणि चिरलेले बोंड किंवा फळ. बोंडाचा नुसता बाहेरून फोटो टाकला तर गुलाबी बोंडअळी आहे की नाही हे कुणी सांगू शकत नाही, कारण अळी आत शिरल्यावर छिद्र बुजून जाते.

फोटो चढत नाही, ही तक्रार मेळघाट, झरी, कोरची अशा कमी रेंजच्या भागातून हमखास येणार. सर्व्हर ठरावीक वेळच वाट पाहतो. ५ एमबीचा फोटो १ एमबीपीएस वेगाने जायला ४० सेकंद लागतात आणि तेवढ्यात जोडणी तुटते. तोच फोटो लहान करून ५०० केबीच्या आत आणला तर चार-पाच सेकंदांत जातो. लांबीला १६०० पिक्सेल पुरेसे आहेत, पानावरचे ठिपके स्पष्ट दिसतात. व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवून उतरवलेला फोटो आपोआप लहान होतो, पण बारीक तपशील पुसट होतो. मावा-तुडतुड्यांसाठी तो चालत नाही. मोठा मजकूर आधी नोट्समध्ये लिहून मग चिकटवा, रेंज गेली तर लिहिलेले वाया जात नाही.

व्हिडिओसाठी लेमी घेऊ नका. यूट्यूबवर चढवून दुवा टाका. व्हॉइस मेसेजही नाही, आणि लिहिण्याचा कंटाळा असलेल्या ज्येष्ठ कास्तकारांसाठी ही मोठी उणीव आहे. फोनच्या कळफलकातले मराठी बोलून-टंकन वापरता येते. प्रमाण मराठी बऱ्यापैकी उमटते, वऱ्हाडी शब्द आणि औषधांची नावे चुकतात. औषधाचे नाव आणि मात्रा बोलून लिहिली असेल तर ती डोळ्यांनी तपासल्याशिवाय पाठवू नये.

फवारणीचे सल्ले: इथे ढिलाई नको

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावरच्या फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेतीगट कुठल्याही ठिकाणी चालवा, हे लक्षात ठेवूनच नियम करावे लागतात. फेसबुकवर चुकीचा सल्ला वाहून जातो. लेमीवर तो टिकतो आणि पुढच्या वर्षी शोधात पुन्हा वर येतो, म्हणून जबाबदारी वाढते.

नियम असे ठेवा. औषध सांगताना कंपनीच्या नावाबरोबर आतला घटक आणि त्याचे प्रमाण लिहायचे. मात्रा दर १० लिटर पाण्याला लिहायची, ‘पंपाला दोन झाकणे’ असे नाही. साधा पाठीवरचा पंप की पॉवर पंप हे लिहिल्याशिवाय मात्रेला अर्थ नाही, कारण पॉवर पंपात एकराला पाणी खूप कमी लागते. लेबलवर त्या पिकाचे आणि त्या किडीचे नाव नसेल तर सल्ला काढून टाकायचा. दोन-तीन औषधे मिसळण्याचे नुस्खे सरळ बंद. गुलाबी बोंडअळीवर फवारणीआधी निरीक्षण विचारायचे: हेक्टरी पाच कामगंध सापळे (गंधाने पतंग ओढणारे) लावले का, सलग तीन दिवस दर सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले का, दहा टक्के फुले-बोंडे किडलेली आहेत का. उत्तर ‘नाही’ असेल तर पहिला सल्ला सापळे लावण्याचा.

वर कायम चिकटवलेली एक पोस्ट ठेवा. तिच्यात किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या व नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शिफारशींचे दुवे असावेत. त्याच पोस्टीत ठळक लिहा: फवारताना चक्कर, मळमळ, धूसर दिसणे, लाळ सुटणे असे काही झाले तर इथे विचारत बसू नका, १०८ लावा आणि औषधाचा डबा लेबलसह दवाखान्यात न्या.

देखरेख कोणाची

नियामकाने काय काढले, कोणाला बंदी घातली, कारण काय दिले, हे सगळे लेमीत ‘मॉडलॉग’ नावाच्या नोंदीत राहते आणि ती कुणालाही उघडता येते. ग्रामपंचायतीच्या प्रोसिडिंग बुकासारखी ही नोंद आहे. ‘माझी पोस्ट अमक्या पक्षाची म्हणून काढली’ असा आरोप झाला की नोंद दाखवता येते, आणि आरोप खरा असेल तर तोही तिथे दिसतो. कारणाची जागा रिकामी सोडू नये. एकाच राजकीय गटाचे, एका आडनावाचे, एकाच गावचे नियामकही नकोत. निदान तीन असावेत आणि त्यांत एक बाई असावी, कारण निंदण, वेचणी आणि साठवणुकीचे प्रश्न बायकांकडून जास्त नेमके येतात.

उणी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. सर्व्हर स्वयंसेवकांचे असतात आणि माणसे थकतात. लेम.ईई (lemm.ee) हा मोठ्या सर्व्हरांपैकी एक होता. चालवणाऱ्यांना भार झेपेना म्हणून तो जून २०२५ च्या अखेरीस बंद झाला. तिथले समुदाय तिथेच गोठले. लेमीत समुदाय एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर उचलून नेता येत नाही. खात्याच्या सेटिंगची फाइल मात्र उतरवता येते, तिच्यात सबस्क्राइब केलेले समुदाय, जपून ठेवलेल्या पोस्टी आणि ब्लॉक-यादी असते. नव्या सर्व्हरवर ती चढवली की तेवढे परत मिळते. स्वतःच्या पोस्टी त्यात नसतात. त्यामुळे गटातल्या संगणक जाणणाऱ्या एकाने महिन्यातून एकदा समुदायाची प्रत काढावी. लेमीचा एपीआय खुला आहे, एका मागणीत ५० पोस्टी मिळतात, छोट्या गटाला काही मिनिटे पुरतात. फेसबुकवर ही सोयच उरलेली नाही, हा फरक मोठा आहे.

बहुतेक सर्व्हर देणगीवर चालतात आणि देणगीचे मार्ग परदेशी आहेत. यूपीआय सहसा नसते, त्यामुळे गावातून पन्नास-शंभर रुपये पाठवायची इच्छा असूनही अडते. गटाने वर्षातून एकदा वर्गणी काढून, आंतरराष्ट्रीय कार्ड असलेल्या एकाकडून एकत्र रक्कम पाठवावी.

स्वतःचा सर्व्हर काढावा का? पहिल्या वर्षी नाही. डॉकर (सॉफ्टवेअर बसवण्याचे साधन), डोमेन, पोस्टग्रेस या डेटाबेसची रोजची प्रत, ईमेल पाठवण्याची सोय आणि फोटोंनी भरत जाणारी डिस्क, हे सगळे कुणाच्या तरी गळ्यात पडते. घरच्या संगणकावर तर मुळीच नको: भारनियमन आहेच, शिवाय मोबाइल कंपन्यांचे नेट सामायिक आयपीवर चालते आणि बाहेरून आत येणारी जोडणी त्यावर सरळ मिळत नाही. भारतात असा सर्व्हर चालवणाऱ्यावर आयटी नियम २०२१ नुसार तक्रार अधिकारी जाहीर करण्याची आणि तक्रारी मुदतीत निकाली काढण्याची जबाबदारीही येऊ शकते. त्याचा विचार आधी, तांत्रिक हौस नंतर.

काय टाकू नये

लेमीवरचे सगळे उघड आहे असे धरा. खासगी निरोपही टाळ्याकुलपात नसतात, सर्व्हरचा व्यवस्थापक ते वाचू शकतो. मत कोणी वर-खाली दिले हेही व्यवस्थापकांना दिसते. पोस्ट पुसली तर पुसण्याचा आदेश इतर सर्व्हरांना जातो, पण प्रत्येकाने तो पाळलाच अशी खात्री नसते. म्हणून सातबारा, आधार, बँक पासबुक, शेतकरी ओळखपत्राचा क्रमांक, विम्याची पावती यांचे फोटो नियमानेच बंद. शेताचा गट नंबर लिहायची गरज कधीच पडत नाही. तालुका आणि जमिनीचा पोत पुरतो.

लगेच वाजणारी सूचना अनेक ॲपमध्ये नाही, आणि म्हणूनच व्हॉट्सॲप गट बंद करू नका. तिथे रोज संध्याकाळी एकाने दिवसभरातल्या नव्या प्रश्नांचे दुवे टाकायचे, उत्तरे मात्र लेमीवरच लिहायला सांगायचे. ज्याने व्हॉट्सॲपवर चांगले उत्तर दिले, त्याचे उत्तर त्याच्या परवानगीने उचलून लेमीवर लावायचे. पहिले दोन-तीन महिने हे काम न कंटाळता करावे लागते.

हलवाहलव मृगाच्या तोंडावर करू नये. पेरणीत कुणाला पासवर्ड आठवत नाही. एप्रिल-मेमध्ये वावर मोकळे असते तेव्हा जीमेल तपासणे, खाती काढणे आणि भाषेची सेटिंग करणे उरकावे, निवडलेल्या जुन्या चर्चा मेअखेर चढवाव्यात आणि बियाणे-खताचे पहिले प्रश्न येतील तेव्हा समुदाय भरलेला असावा. फेसबुकचा गट तेव्हाही पुसू नका. नव्या पोस्टी बंद करून वर समुदायाचा दुवा चिकटवा आणि निदान एक पूर्ण हंगाम, तुरीची काढणी होईपर्यंत, तो तसाच राहू द्या.